यवतचे डास आणि तुझी अकरा वर्षं

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ३५ वर्षांची, मूळची बार्शीकडची, पुण्यात राहते. डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या विषाणूंवर तिने पीएच.डी. केली, त्यानंतर पाच वर्षं प्रोजेक्टवर काम करते आहे. करार दर मार्चअखेर संपतो. पुढचा कधी मेमध्ये हातात पडतो, कधी जूनमध्ये, आणि मधले महिने बिनपगारी. गेल्या पावसाळ्यात भावाच्या आठ वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात राहून पोर सुखरूप घरी आली. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर भाऊ म्हणाला, "ताई, अकरा वर्षं तू डासच बघतेस ना? मग हिला द्यायला औषध का नाही?" त्या रात्रीपासून तिला नीट झोप नाही. आता एका खासगी कंपनीने तपासणी किटच्या विभागात दुप्पट पगाराची नोकरी देऊ केली आहे आणि महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. गाइड म्हणतात, "आत्ता सोडलंस तर सगळं वाया." घरचे म्हणतात, "ते आधीच वाया गेलंय." तिचा प्रश्न: या दोघांत खरं कोण बोलतंय?

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझे गाइड आणि तुझ्या घरचे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं तुला वाटतं, पण दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे: वाया. मला आधी त्या शब्दाकडेच बघायचंय. त्याच्याही आधी तुझ्या भावाच्या प्रश्नाकडे, कारण नोकरीचा निर्णय तू त्या बाकावर बसूनच घेते आहेस असं मला वाटतं.

भाऊ टोमणा मारत नव्हता. आत लेकीला सलाइन लावलेलं, आणि घरात या रोगाबद्दल काही ठाऊक असलेलं एकच माणूस, ते म्हणजे तू. त्याने विचारलं ते घाबरलेल्या बापाने विचारावं तसं. तू मात्र ते आपल्या अकरा वर्षांच्या प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा असल्यासारखं मनात धरून बसलीस. त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते त्या रात्री तुला सुचलं नाही इतकंच. वॉर्डाबाहेर कुणालाच सुचत नाही.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही ते कळावं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची बाधा होऊन गेली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कधी कधी त्या नव्या विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करतात. १९६०च्या दशकात बँकॉकच्या आजारी मुलांचा अभ्यास करताना स्कॉट हॉलस्टेड यांच्या लक्षात आलं, की तीव्र आजार बहुधा दुसऱ्या खेपेला होतो. ज्या रोगात शरीराचं संरक्षणच उलटू शकतं, तिथे घाईने केलेला उपाय किती महागात पडेल याचा धडा फिलिपिन्सला मिळाला. तिथे २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची लस टोचली गेली. मग २०१७च्या नोव्हेंबरमध्ये बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लशीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली, आणि लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही डळमळला. आपल्याकडे देशी लशीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत पहिल्या स्वयंसेवकाला डोस दिला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, रोहतकला. दहा हजारांहून अधिक माणसांवर ती चाचणी ठरली होती. हा उशीर आळसाचा नाही. या विषाणूने शिकवलेल्या सावधपणाचा आहे.

आणि वॉर्डात काहीच नव्हतं हेही खरं नाही. तुझ्या भाचीला ताप आल्या-आल्या एनएस१ तपासणी झाली असं तू लिहितेस. म्हणजे प्रतिपिंडं तयार होण्याची वाट न बघता विषाणूचंच प्रथिन रक्तात शोधलं गेलं. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी घरी सोडलं नाही, उलट त्याच दोन दिवसांत दर काही तासांनी रक्त तपासलं. का? कारण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लागण्याचा धोका असतो, हे कुणीतरी हजारो केसपेपर चाळून शोधून काढलं म्हणून. सलाइन किती, कधी वाढवायचं, कधी आखडतं घ्यायचं, हे सगळं संशोधनातूनच आलंय. (आपल्याकडे नातेवाइकांच्या फोनवर एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" हिमॅटोक्रिट किती, म्हणजे रक्त किती दाट झालंय, हे कुणी विचारत नाही. हे लोकांपर्यंत पोचवण्यात आपण सगळेच कमी पडलो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.) वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर तीव्र डेंग्यूतही मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली ठेवता येतं. औषधाची बाटली नव्हती हे खरं, पण तुझ्या शास्त्राने कमावलेलं बरंच काही त्या खाटेशी हजर होतं.

आता यवतचं सांगते. तू गावी जातेस तेव्हा गाडी यवतवरूनच जाते, सोलापूर रस्त्याला. डावी-उजवीकडे दुकानं, टपऱ्या, पाण्याच्या टाक्या. या गावात सन २००० मध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून (डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारे हेच) पुण्याच्या शास्त्रज्ञांनी चिकनगुनियाचा विषाणू वेगळा केला. तो काळ आठव. तुझ्या बार्शीत १९७३ साली चिकनगुनियाची मोठी साथ येऊन गेली होती. गावातल्या जुन्या माणसांना विचारलंस तर सांधे धरणाऱ्या तापाची गोष्ट अजून कुणी सांगेल. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं देशात त्याची मोठी साथ नाही. रोग गेला असंच सगळे धरून चालले होते. अशा वेळी कुणीतरी यवतमध्ये घरोघर फिरून डास धरले, ते जातीनुसार वेगळे केले, ठेचून त्यांचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकला, त्यात विषाणू आहे हे पाहिलं, २००१ मध्ये एक छोटासा शोधनिबंध छापला आणि त्या विषाणूच्या नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. त्यांच्याही घरी कुणी विचारलं असेल, एवढं करून काय मिळालं?

२००५च्या अखेरीस आंध्रातून साथ सुरू झाली. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, आपल्याकडे गावंच्या गावं सांधे धरून बसली. तेव्हा पुण्यात नव्या विषाणूची जनुकीय रचना जुन्या साठ्याशी ताडून पाहिली. बार्शीचा १९७३चा विषाणू आशियाई वंशाचा होता. नवा मात्र पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी वंशाचा. आणि यवतचा? तोही त्याच आफ्रिकी वंशाचा निघाला. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधीच तो पाहुणा सोलापूर रस्त्यावर उतरलेला होता. त्या नळ्या नसत्या तर आपल्याला हे कधी कळलंच नसतं.

मी हे गोड करून सांगत नाही. यवतच्या त्या डासांनी २००६ची साथ थांबवली नाही. एकाही म्हातारीचे गुडघे त्यामुळे वाचले नाहीत. पण विषाणू कधी आला, जुन्यापेक्षा वेगळा कसा, आपली पाळत कुठे तोकडी पडली, हे विचारण्याची सोय त्या नळ्यांमुळे झाली. तुमच्या शास्त्रातलं बरंचसं काम असंच असतं. पुढे कुणीतरी विचारील अशा प्रश्नाचं उत्तर आधीच जपून ठेवायचं, आणि तो प्रश्न आपल्या हयातीत येईलच याची खात्री नाही.

दुसरं एक, रोज तुझ्या हातात असलेलं. सी६/३६ या डासाच्या पेशींचे, ज्यांवर विषाणू वाढवतात, फ्लास्क तू रोज २८ अंशांच्या इनक्युबेटरमधून काढतेस. जगभरच्या डेंग्यू प्रयोगशाळा त्या वापरतात. त्या पेशींचं मूळ पुण्यात आहे. विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून त्या पेशी वाढवल्या आणि १९६७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे १९७८ मध्ये इगाराशी यांनी त्यांतून डेंग्यू-चिकनगुनिया चांगला वाढतो असा एक क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला वाण) निवडला, तोच सी६/३६. डासाच्या अळीच्या पेशी काचेत जगवणं, हे काम त्या वेळी बाहेरच्या माणसाला किती निरर्थक वाटलं असेल, विचार कर.

तेव्हा 'आधीच वाया गेलंय' हे मला मान्य नाही.

पण इथेच मी थांबले तर तुझे गाइड खूश होतील, आणि ते मला नकोय. काम मोलाचं आहे म्हणजे ते तूच, याच पगारावर, याच करारावर करत राहायला हवं, हे त्यातून मुळीच निघत नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्याकडे ती एकमेकांना चिकटवली जातात आणि त्यावर तिशीतली हुशार माणसं वर्षानुवर्षं अडकून राहतात. यवतच्या नळ्या टिकल्या त्या संस्थेचा फ्रीझर चालू राहिला म्हणून. पण त्या फ्रीझरची चावी सांभाळणाऱ्या माणसाला मार्चनंतर जूनपर्यंत पगार नसेल, तर तो दोष तुझ्या निष्ठेचा नाही. पैशांची गरज तू पत्रात तीन ओळींत, जवळजवळ माफी मागत लिहिलीस. माफी कसली? वडिलांची औषधं, खोलीचं भाडं, भावाच्या अंगावर पडलेलं दवाखान्याचं बिल, ही खरी कारणं आहेत. त्यांना निर्णयात पुढची जागा दे.

माझंही थोडं सांगते. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागण्याआधी मी तीन वर्षं एका प्रयोगशाळेत होते. निधी संपला, मी बाहेर पडले. रागात पडले, म्हणून नीट काही सोपवलं नाही. माझ्या नमुन्यांच्या खोक्यावर फक्त माझी आद्याक्षरं आणि तारखा होत्या, बाकी सगळं माझ्या डोक्यात. काही वर्षांनी कळलं की ते खोकं कुणालाच वाचता येईना, म्हणून टाकून दिलं. नोकरी सोडल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, खोक्याचं वाटतं. वाया म्हणजे काय, ते मला त्या खोक्याने शिकवलं.

आता कंपनीबद्दल. किटचं काम म्हणजे विज्ञानाशी प्रतारणा, असा तुझ्या पत्राचा सूर आहे. कशी? सरकारी तपासणी केंद्रांत डेंग्यूचं निदान ज्या आयजीएम (ताज्या बाधेची प्रतिपिंडं शोधणाऱ्या) किटवर होतं, ते तर राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाच बनवून पुरवते. तुझ्या भाचीच्या केसपेपरवरची पहिली ओळ एका किटनेच लिहिली. चिकनगुनिया आणि डेंग्यू एकाच मोसमात एकाच वस्तीत येतात, आणि डेंग्यूची प्रतिपिंडं झिका किंवा जपानी मेंदूज्वराच्या चाचणीत सरमिसळ करतात. हा घोळ ज्याने स्वतः निस्तरलाय असं माणूस किट तपासायला बसलं, तर रुग्णांचं भलंच होईल. फक्त एक गोष्ट त्यांच्याकडून लेखी घे: तुझं काम किटच्या पडताळणीत असेल की विक्रीत? पदाच्या इंग्रजी नावावर जाऊ नकोस. पहिल्या सहा महिन्यांत दिवसभर काय करायचं, ते विचार. शोधनिबंध लिहायला परवानगी आहे का, बाँड आहे का, सोडायचं झालं तर किती महिन्यांची नोटीस, तेही. विक्री असेल आणि तुला विक्री आवडत नसेल, तर दुप्पट पगाराचा आनंद वर्षभरात ओसरेल.

मात्र तुझ्या पत्रात मला सर्वांत जिवंत वाटला तो परिच्छेद या दोन्ही नोकऱ्यांचा नाही. आशाताईंबरोबर वस्तीवर गेल्याचा आहे. रांजणावरचं झाकण काढून विजेरी मारली आणि अळ्या कशा वळवळत खाली गेल्या, एका आजींनी "आमच्या पाण्यात कुठले डास?" म्हणून तुला दटावलं आणि मग स्वतःच ते भांडं उपडं करून घासलं, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या सापडल्यावर शाळामास्तर कसे ओशाळले. बाकीच्या पत्रात तू थकलेली आहेस, इथे तू बोलायला लागतेस. हे तुला स्वतःला दिसलंय का?

मग तिसरी वाटही बघायला हवी. जिल्हा हिवताप कार्यालयं, महापालिकांचे कीटक नियंत्रण विभाग, राज्य आणि केंद्राचा कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम, सगळीकडे कीटकशास्त्र समजणारी माणसं लागतात. घर निर्देशांक, ब्रेटो निर्देशांक, म्हणजे किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या सापडल्या ते आकडे, कागदावर भरणारे खूप आहेत, तो आकडा वाचून उद्या कुठल्या गल्लीत जायचं ते सांगणारे फार थोडे. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा एम.एस्सी. चालतो. तुला ती पदवी नको, पण तिथली माणसं काय करतात ते बघ. वोल्बाकिया हा जिवाणू असलेले एडिस डास त्यांनी तयार केले आहेत. हा जिवाणू डासात असला की विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं, ते निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आणि वोल्बाकिया डासात पहिल्यांदा दिसला होता १९२४ साली! सत्त्याण्णव वर्षं. त्या साखळीत प्रयोगशाळेतली माणसं होती तशी दारोदार जाऊन "तुमच्या अंगणात डास सोडू का?" असं विचारणारीही होती. ते विचारायला जिगर लागते, आणि माणसांशी बोलायला यावं लागतं. तुला येतं.

सरकारी पदांना वयोमर्यादा असते, सवलती जाहिरातीगणिक बदलतात, आणि जाहिरात येते तेव्हा हातात पंधरा दिवस असतात. म्हणून आजच कागदांची फाइल तयार कर: प्रत्येक कराराचं पत्र, अनुभवाचे दाखले, क्षेत्रभेटींच्या नोंदी. जुन्या गाइडकडून दाखला मागायला लाजू नकोस. परदेशी पोस्टडॉकचा (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचा) उल्लेख तू एका ओळीत उरकलास, त्यावरून मन तिकडे नाही हे कळतं. ते सोडून दे. लग्नाबद्दल आईने काय म्हटलं ते वाचलं, पण तो या महिन्याचा प्रश्न नव्हे.

अशी पत्रं मला एकट्या तुझी येत नाहीत, म्हणून दोन शब्द दुसऱ्यांनाही. संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी "काय मिळालं?" याऐवजी "आज काय केलंस?" विचारून बघावं, घरातलं बोलणं बदलेल. आणि गाइड मंडळींनो, 'वाया जाईल' ही भीती घालून माणूस टिकवण्यापेक्षा एप्रिलचा पगार एप्रिलमध्ये मिळावा म्हणून तुमच्या संस्थेशी भांडा.

महिनाअखेरीपर्यंत तू एवढं कर. गाइडना तोंडी नको, ई-मेलवर विचार: प्रोजेक्टचा मंजूर निधी कोणत्या तारखेपर्यंत आहे, त्यात तुझं पद आहे का, रखडलेल्या दोन शोधनिबंधांत तुझं नाव कुठे आहे. उत्तर आठवड्यात आलं तर त्यावर विचार कर. उत्तरच आलं नाही, तर तेही उत्तर आहे. कंपनीकडे वर लिहिलेल्या गोष्टींसाठी चार दिवस मागून घे, मागितल्याने ऑफर जात नाही. पडताळणीचं काम असेल आणि गाइडकडून ठोस काही नसेल, तर माझ्या मते जा. जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या जाहिरातींवर तिथूनही लक्ष ठेवता येईल.

आणि जायचं ठरो की राहायचं, तुझ्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या नळ्यांची यादी पुरी कर. कोणतं गाव, कोणती तारीख, कोणत्या जातीचे किती डास, कितव्या पॅसेजचा (पेशींवर कितव्यांदा वाढवलेला) विषाणू, कुठल्या रॅकमध्ये, सगळं छापील, तुझ्या डोक्यात नको. एक प्रत गाइडकडे, एक फ्रीझरच्या नोंदवहीत, आणि मिळाल्याची सही घे. नमुने आणि विदा (डेटा) संस्थेचे असतात, त्यातलं काही सोबत नेऊ नकोस.

दिवाळीला गावी गेलीस की भावाला घेऊन बस आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर दे, वर लिहिलंय तसं किंवा तुझ्या शब्दांत. भाचीचा एनएस१चा रिपोर्ट आणि तारीख तिच्या फाइलमध्ये लावायला सांग. तिला एकदा डेंग्यू होऊन गेलाय, म्हणून पुढच्या कुठल्याही पावसाळी तापात घरच्यांनी जास्त सावध राहायला हवं: तापाला फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही, ताप उतरल्यावर पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोर मलूल पडली तर तडक दवाखाना. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटव. आणि चिकटवताना फ्रिजमागचा ट्रेही बघून घे.